शिली-शॅलीची वही

आमच्या घरात तीन माणसं होती आणि तिघांनाही बोलायचा आळस होता. बाबा, त्यांची विधवा बहीण म्हणजे माझी आत्या, आणि मी. बाबांचं मिठागर मुर्ध्याच्या खाडीला लागून होतं, आणि घर गावात नव्हतं. मिठागराच्या कडेला, मोठ्या बांधाच्या पोटाशी होतं. मिठावर डोळा ठेवायला सोयीचं म्हणून आजोबांनी ते तिथं बांधलं. गावातली घरं एकमेकांना खेटून बसलेली, एकीच्या चुलीवर काय शिजतंय ते तिसरीला कळायचं. आमच्याकडे काय शिजतंय ते फक्त कावळ्यांना कळत असे. आई मी चार वर्षांची असताना गेली. मला तिचा चेहरा आठवत नाही, हातातल्या हिरव्या बांगड्या आठवतात. आणि त्याही खऱ्याच आठवतात की आत्याने सांगितल्या म्हणून आठवतात, हे या वयात मला सांगता येत नाही.

दिवसभर घरात ऐकू यायचा तो एकच आवाज. गडी लाकडी फावड्यांनी वाफ्यांतलं मीठ कडेला ओढत, त्याची खरखर. जेवणवेळेला ती थांबली की मला उगाचच घाबरल्यासारखं होई. बाबा येत, पाय धूत, पाटावर बसत. आत्या तांदळाची भाकरी वाढी, सुकटीचं कालवण वाढी, कधी चिंबोऱ्या, कधी खाजणाच्या चिखलातले निवटे मासे. तिच्या हाताला मोठी चव होती. पण भाकरी तव्यावर पडल्यापासून ताटात येईपर्यंत ती एक शब्द बोलत नसे, आणि बाबाही मान खाली घालून जेवत. गावातल्या शाळेत चौथीपर्यंतच वर्ग होते. चौथी झाली आणि माझी शाळा संपली. बरोबरच्या दोघीतिघींची लग्नं ठरली, बाकीच्या शेतावर जाऊ लागल्या. मला शेतावर कुणी नेत नसे, आणि मिठात पाय घालायची परवानगी नव्हती, कारण मिठाने तळपाय फाटतात. मी बांधावर बसून खाडीकडे बघत असे. एका मुलीने दिवसभर खाडीकडे बघत बसावं, हे आज कुणाला सांगितलं तर फार सुंदर वाटेल. मला त्याचा मनस्वी कंटाळा आला होता.

बाबा वाईट नव्हते. हात उगारलेला मला आठवत नाही. त्यांचं एकच होतं, त्यांना काही ठरवता येत नसे. मिठागराच्या बांधात एक लाकडी दार असतं, त्याला आमच्याकडे उघाडी म्हणतात. अमावस्या-पौर्णिमेच्या सुमाराला खाडीला मोठी भरती येते, ते उधाण. तेव्हा उघाडी वर करून समुद्राचं पाणी आत घ्यायचं. अष्टमीच्या आसपास भरती मलूल होते, पाणी दारापर्यंत येतच नाही, ते भांगाचे दिवस. इतकं सरळ काम. पण उधाणाला पाणी दारापाशी येऊन उभं राहिलं तरी बाबा फळीवर हात ठेवून विचार करत. "काय करू रे? घेऊ का नको?" असं मुकादमाला विचारत. मुकादमाने "घ्या" म्हटलं की गड्यांना विचारत. मग मला. "काय करू गं बाय? पानी गढूल हाय, नंतरच्या भरतीला घेऊ?" नंतरच्या भरतीला पाणी स्वच्छ असे, पण वारा उलटा असे. कोट नवा शिवायचा की जुना उसवून घ्यायचा, यावर त्यांनी दोन दिवाळ्या घालवल्या. गडी पाठीमागे हसत, आणि खोटं कशाला सांगू, मीही हसत असे.

या घरात इंग्रजी शिरली ती मिठाच्या सरकारी कचेरीमुळे. कचेरीतून कागद यायचे ते इंग्रजीत, आणि ते वाचायला बाबा भाईंदरला एका कारकुनाकडे जात. कारकून वाचून दाखवी, पण बाबा त्याला "मंग मी काय करू?" असं इतक्या वेळा विचारत, की शेवटी त्याने हात जोडले. त्यानंतर कुणीतरी उत्तनच्या फिलोमिना मिसचं नाव सांगितलं. मिस मूळच्या उत्तनच्या, कोळीवाड्यातल्या. तरुणपणीच मुंबईला एका साहेबाच्या घरी मुलं सांभाळायला गेल्या, आणि वीस वर्षं तिथंच राहिल्या. लढाई सुरू झाल्यावर साहेबाने बायकामुलांना विलायतेला धाडलं, तशा मिस भावाकडे परत आल्या. लग्न केलेलं नव्हतं. भावाला मासळी खारवायला मीठ लागे. बाबांनी टोपलीभर मीठ द्यायचं आणि मिसने कागद वाचायचे, असं ठरलं. दर आठवड्याला त्या भावाच्या बैलगाडीतून येत. पहिल्याच दिवशी मला बांधावर बसलेली बघून त्यांनी विचारलं, "तू काय करते गो दिवसभर?" मी म्हटलं, "काय न्हाय." त्यांनी कपाळाला हात लावला आणि पुढच्या वेळी येताना माझ्यासाठी एक वही आणली.

आता इंग्रजी शिकवायची तर मांजर, उंदीर, चटई यांपासून सुरुवात करायची, पण मिसला त्यातलं काही येत नव्हतं. शाळेचं इंग्रजी त्या शिकल्याच नव्हत्या. त्या मेमसाहेबाच्या तोंडचं इंग्रजी शिकल्या होत्या, आणि मेमसाहेबाचा नवरा बहुतेक माझ्या बाबांचा सख्खा भाऊ शोभला असता. कारण मिसच्या इंग्रजीत सगळ्यांत मोठा साठा कशाचा होता, तर ज्याचं काही ठरत नाही अशा माणसाला काय काय म्हणावं याचा. शिकवणीच्या पहिल्या दिवशी बाबा कचेरीचा एक कागद हातात घेऊन सही करू की नको असं ओटीवर येरझाऱ्या घालत होते. मिसने चष्म्यावरून त्यांच्याकडे बघितलं आणि मला हळूच म्हणाल्या, "लिही. शिली-शॅली." मी मराठीत लिहून घेतलं. तो माझा पहिला इंग्रजी शब्द. माझ्या नातीचा पहिला इंग्रजी शब्द अ‍ॅपल होता.

पुढच्या काही महिन्यांत ती वही भरली. प्रत्येक शब्द कुठे वापरायचा हे मिस फार काटेकोरपणे सांगत. शिली-शॅली हे मनाचं काम. माणूस एका जागी उभा आहे आणि मन इकडून तिकडे जातंय. डिली-डॅली हे पायांचं काम; आत्या वाण्याकडे हळद आणायला गेली आणि तासाभराने आली, तर ती डिली-डॅली. दोन्हींत गल्लत केली की मिस वहीवर पेन्सिल आपटत. डिदर म्हणजे नुसतं ठरत नाही असं नव्हे, त्या न ठरण्याने जीव घाबराघुबरा होणं. पाहुणे दारात आलेत, चूल विझली, आणि बाई एकदा घरात एकदा परसात करतेय, ती डिदरमध्ये आहे असं म्हणायचं. हम अँड हॉ हे तोंडाचं. सरळ उत्तर द्यायचं नसलं की माणूस घशातून आवाज काढतो, तो. विशी-वॉशी म्हणजे पाणचट, ते माणसाला म्हणता येतं, त्याच्या मताला म्हणता येतं, आणि पातळ चहालाही म्हणता येतं. आज गरम उद्या गार असं करणाऱ्यासाठी वेगळा वाक्प्रचार होता, आणि दोन्ही बाजूंना पाय ठेवणाऱ्याला कुंपणावर बसलाय म्हणायचं. आमच्याकडे कुंपण कुठलं? मी वाक्य तयार केलं, "माय फादर सिट्स ऑन द बांध." मिस इतक्या हसल्या की आत्या आतून बघायला आली.

"पण एक ध्यानात ठेव," मिस म्हणत. "हे शब्द घरातल्या चपला हायत. ह्या घालून कचेरीत जायचं न्हाय. कलेक्टरला लिहिताना शिली-शॅली लिहिलंस तर तो कागद फेकून देईल. आनि दुसरं, हे शब्द मानसाच्या तोंडावर बोलायचे तर हसून बोलायचे. न हसता बोललीस तर ती शिवी."

ही दुसरी अट मी पाळली नाही. म्हणजे हसून बोलले, पण ते हसणं वेगळं होतं. जेवताना बाबा कोलंबीचं कालवण घेऊ की सुकटीचं असं करू लागले की मी मोठ्याने म्हणे, "बाबा इज शिली-शॅलीइंग अगेन." बाबा मान वर करून कौतुकाने बघत. "काय बोलली गं?" "बाबा आज छान दिसतात, असं बोलले." बाबांना खरं वाटे. एकदा तर त्यांनी मुकादमाला बोलावून आणलं आणि मला म्हणाले, "बोल गं बाय, ते शिली-शिली बोल." मी बोलले. मुकादमासमोर, बाबांच्या तोंडावर, बाबांचीच चेष्टा, आणि बाबा अभिमानाने फुगलेले. आयुष्यात मी पुष्कळ चुका केल्या, त्यांतल्या बऱ्याच विसरले. ही विसरता येत नाही.

असं असलं तरी ते माझे बरे दिवस होते. आठवड्यातला एक दिवस मिसचा, आणि उरलेले सहा मिसची वाट बघण्याचे. त्या येताना फुगे आणत, मैद्याचे गोल तळलेले, आणि आत्या ते आधी हुंगून बघे आणि मग सगळ्यांत जास्त तीच खाई. मिस गेल्या की घर पुन्हा गप्प. मी वहीतले शब्द बांधावर बसून मोठ्याने म्हणे, ऐकायला कुणी नसे. कोंबडीला डिदर म्हणून बघितलं, बैलाला डिली-डॅली. एकटेपणाला काय म्हणतात ते मात्र मिसने कधी शिकवलं नाही आणि मीही विचारलं नाही. त्यांनाही ते असणार, असं मला आज वाटतं. चाळिशीची एकटी बाई भावाच्या घरी मासळी खारवत बसते आणि आठवड्यातून एकदा टोपलीभर मिठासाठी इतक्या लांब येते, ती काही नुसत्या मिठासाठी येत नसते.

त्या वर्षीच्या नाताळाच्या आधी एक दिवस मिस आल्या त्या बसल्याच नाहीत. त्यांना मुंबईच्या एका मुलींच्या शाळेत, वसतिगृहावर देखरेख करायची नोकरी लागली होती. शाळेचं नाव मी सांगत नाही, ती अजून चालू आहे. नाताळानंतर शाळा उघडणार होती. वसतिगृहात एक जागा मोकळी होती आणि ती मुख्य बाईंनी मिसच्या शब्दाखातर राखून ठेवली होती. "पोरीला माझ्यासंगं द्या," मिस बाबांना म्हणाल्या. "सगळ्या जातींच्या मुली हायत तिथं. जेवन वेगळं करतात. मी हाय ना. मॅट्रिक होईल पोर." मी दाराआड उभी होते आणि मला तिथं जायचं होतं. इतकं मला कुठं जायचं होतं असं त्याआधी कधी झालं नव्हतं. बाबा म्हणाले, "बघतो." मग म्हणाले, "सांगतो." मग मुकादमाला विचारलं, मग गड्यांना विचारलं, आणि एका उधाणाचं पाणी या विचारात तसंच परत गेलं. मला मात्र त्यांनी या वेळी काही विचारलं नाही.

नाताळ झाला. मिस येऊन उत्तर विचारून गेल्या, आणि पुन्हा येऊन गेल्या. "मेमसाहेबाचा साहेब परवडला," त्या मला म्हणाल्या, आणि त्या वेळी त्या हसत नव्हत्या. मी आत्याकडे गेले. आत्या माशाला मीठ लावत होती. मी म्हटलं, "आत्या, तू सांग ना बाबांना. चारच दिवस राहिलेत." आत्या म्हणाली, "आता भांग लागला. भांगात तो हो-ना करायचा न्हाय. कधीच न्हाय केला."

हा आमच्या घरचा नियम मला माहीत होता. भांगात बाबा बैल विकत घेत नसत, गडी ठेवत नसत, कुणाला शब्द देत नसत. मला तो मिठाचा काहीतरी नियम वाटे. भांगात पाणी आत येत नाही, तसं कामही हाती घ्यायचं नाही. मी चिडून म्हटलं, "असा कसला नियम? गावात कुणी पाळतं का?" आत्याने हात धुतले, पदराला पुसले, आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्याशी पाचापेक्षा जास्त वाक्यं बोलली.

आईला ताप भरला तेव्हा बाबा असे नव्हते. झटकन ठरवणारे होते, गावात पंचाईत पडली की लोक त्यांना बोलावत. वैद्य म्हणाला, थांबा, उद्या बघू. आत्या म्हणाली, बैलगाडीने भाईंदरला न्या, तिथून आगगाडी. बाबांनी कुणाचं ऐकलं नाही. गाडीच्या धक्क्यांनी तिला त्रास होईल म्हणून त्यांनी होडी काढली, खाडीखाडीने ठाण्याच्या दवाखान्यात न्यायचं ठरवलं. भांगाचे दिवस होते. वरसाव्याच्या पुढे ओहोटी लागली, पाण्यात आधीच जोर नव्हता, आणि होडी चिखलात बसली. भरदुपारी, डोक्यावर ऊन, चारी बाजूंना चिखल. उतरून चालावं तर माणूस कमरेइतका रुततोय. भरतीची वाट बघत बसले. भरती आली तेव्हा आई गेलेली होती. "तवापासून हा असा," आत्या म्हणाली. "फळीवर हात ठेवला की त्याला तीच होडी दिसते." मग तिने पुन्हा माशाला मीठ लावायला घेतलं.

मी बांधावर जाऊन वही उघडली. शिली-शॅली, डिदर, विशी-वॉशी, आणि प्रत्येकापुढे माझ्या वळणदार अक्षरात बाबांचं उदाहरण. मला लाज वाटली, ती अजून वाटते. माझी नात हल्ली एकाच शब्दावर भागवते, साडी निवडायची असो की नवरा, "आजी, मी कन्फ्यूज आहे गं." मी तिला मिसचे सगळे शब्द शिकवू शकले असते. शिकवले नाहीत.

त्यानंतर दोन दिवसांनी मी उठले तर बाबा घरात नव्हते. एवढ्या सकाळी ते मिठागरावर जात नसत. आत्या तांदळाचे लाडू वळत होती, आणि माझे दोन परकर-पोलके घडी करून ओटीवर ठेवलेले होते. मी विचारलं, "कुणाकडे जायचंय?" ती म्हणाली, "खा आधी." मी पेज पीत होते तोवर बैलगाडीचा आवाज आला. मिस होत्या, प्रवासाचा चांगला झगा घातलेला, गाडीत पत्र्याची पेटी, आणि गाडी हाकायला त्यांचा भाऊ. त्या उडी मारावी तशा उतरल्या.

"काय गो, तयार न्हाय अजून? तुझ्या बाबानं सांगितलं न्हाय तुला?"

मी पेजेचं भांडं खाली ठेवलं.

"काल दुपारी आला उत्तनला. चालत आला, शकू, एवढ्या उन्हातनं. दारात उभा राहिला, बस म्हटलं तर बसला न्हाय, पानी प्यायला न्हाय. बोलला, मिसबाय, न्या तिला. आनि तसाच परत गेला."

भांग होता. काल भांग होता, आजही होता. बाबांनी भांगात शब्द दिला होता, आणि कुणालाही न विचारता.

आता हे लिहिताना माझा हात थांबतो आहे. इथं मी धावत जाऊन गाडीत बसले असं लिहिलं तर कोण मला खोटं ठरवणार आहे? बाबा, आत्या, मिस, कुणी उरलेलं नाही. मिठागरही उरलेलं नाही. आमच्या वाफ्यांवर आता इमारती आहेत आणि त्यांतल्या एकीच्या चौथ्या मजल्यावर बसून मी हे लिहिते आहे. पण झालं ते असं. मी ओटीवरच्या कपड्यांपाशी गेले आणि त्यांना हात लावला, आणि मला एकदम ती खोली दिसली, जी मी कधी पाहिली नव्हती. चाळीस खाटा, चाळीस मुली, सगळ्या इंग्रजी शाळेतल्या. आणि माझ्याजवळ काय होतं, तर चेष्टेचे पंधरा-वीस शब्द. एखादी मला साधं "तुझं नाव काय" असं इंग्रजीत विचारील आणि मला ते कळणार नाही.

"मिस," मी म्हटलं, "बाबा एकटे पडतील."

"आत्या हाय ना. आनि सुट्टीला येशील."

"बाबा आले की विचारते."

"बाबा हो बोलला, शकू. आता विचारायचं काय?"

आत्या चहा घेऊन आली. मिसने तो उभ्याउभ्या घेतला. भाऊ गाडीतून ओरडला की आगगाडी चुकेल. मी कपडे उचलले, पुन्हा ठेवले. आत गेले, वही घेतली, बाहेर आले, वही ठेवून यायला पुन्हा आत गेले. मिस माझ्याकडे बघत होत्या, आणि त्यांच्या डोळ्यांत मला माझीच वही दिसत होती, पान न् पान. तरी त्यांनी त्यांतला एकही शब्द उच्चारला नाही. त्या माझ्याजवळ आल्या, माझी हनुवटी धरली आणि अगदी हळू विचारलं, "येते ना गो?"

मी म्हटलं, "आता भांग आहे ना, मिस. पुढच्या उधाणाला येते."

मिसने हनुवटी सोडली. त्यांना आमच्या घरचा नियम माहीत होता, आणि मला तो कधीपासून इतका प्रिय झाला, हेही त्यांना कळलं असणार. पुढच्या उधाणाला त्यांना येता येणार नव्हतं, जागा तोवर राहणार नव्हती, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. त्यांनी आत्याला नमस्कार केला आणि गाडीत चढल्या. गाडी बांधाच्या वळणापर्यंत गेली तोवर मी हाक मारू शकत होते. खूप वेळ होता. मुर्ध्याचा रस्ता तेव्हा खड्ड्यांचा होता, बैल म्हातारा होता, आणि मिसने दोनदा मागे वळून पाहिलं. मी हाक मारली नाही. पुढे मिसचं एकच पत्र आलं, ख्रिसमसच्या शुभेच्छांचं, छापील कार्डावर. मी उत्तर लिहायला घेतलं आणि ते कसं सुरू करावं यातच ते राहून गेलं. माझं मॅट्रिक झालंच नाही. पुढे इंग्रजी मी माझ्या मुलांच्या पाठ्यपुस्तकांतून शिकले, मांजर आणि उंदीर यांच्यापासून.

बाबांसाठी थांबले, असं मी पुष्कळ वर्षं सांगत आले. नवऱ्याला सांगितलं, मुलांना सांगितलं, आणि त्यांनी माझं कौतुकही केलं. ते खरं नाही. मी घाबरले होते, आणि बाबा आणि भांग हे दोन आयते आडोसे हाताशी होते.

त्या दिवशी आत्याने लाडू डब्यात भरून ठेवले. दुपारी बाबा जेवायला आले नाहीत. गाडी निघालेली त्यांना बघायची नव्हती, म्हणून ते मिठागराच्या पार दुसऱ्या टोकाला, खाडीकडच्या वाफ्यांवर गेले होते आणि गड्यांबरोबर स्वतः फावडं घेऊन मीठ ओढत होते. मला ते बांधावरून दिसत होते, एवढेसे. मी तिथवर जाऊन सांगायला हवं होतं. मी घरातच बसून राहिले. ऊन उतरल्यावर ते परत आले. अंगणात पाय धुतले, पावलं मिठाने पांढरी झाली होती. घरात आता कुणी नाही अशा चालीने आत आले आणि मी चुलीजवळ बसलेली त्यांना दिसले.

पहिल्यांदा त्यांचा चेहरा उजळला. तो इतका उजळला की मला रडू फुटलं. मग त्यांनी ते आवरलं, लाज वाटल्यासारखं. माझ्याकडे बघितलं, घडी केलेल्या कपड्यांकडे बघितलं, आणि दाराच्या चौकटीला धरून खाली बसले.

"गेली न्हाय?"

मी मान हलवली.

"का गं?"

मी घशातून काहीतरी आवाज काढला, शब्द नव्हता तो. मग म्हटलं, "पुढच्या उधाणाला जाईन, बाबा. तुम्ही मिसला कळवा. पुन्हा एकदा सांगा त्यांना."

बाबांनी आपले दोन्ही तळहात उघडून बघितले. दिवसभर फावडं ओढून त्यांना फोड आले होते.

"बाय," ते म्हणाले, "मला आता पुन्यांदा हो बोलायला जमायचं न्हाय गं."